गाडी जॅकवर चढवली, आता खाली शिरू का?

मांजलपूरचा_मी

मंडळी, रविवारच्या आत उत्तर हवंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी चढली तेव्हा आमची छोटी पेट्रोल गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाराच्या कडीपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं. पण मागच्या डाव्या चाकातून तेव्हापासून खर्र खर्र येतं ते येतंच. एका गॅरेजवाल्याला दोनदा पैसे देऊन झाले, दोन्ही वेळा "ब्रेकचा ड्रम साफ केला साहेब, आता बघा". बघितलं. खर्र खर्र. शिवाय सायलेन्सर टांगणारं एक रबर तुटलंय, तेही बदलायचंय.

तर आता स्वतःच उघडणार. सामान असं: गाडीबरोबर आलेला कात्री जॅक, पाना-पक्कड, आणि शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या आठ विटा. बेत असा: हँडब्रेक घट्ट ओढायचा, मागची बाजू उचलायची, खाली विटा रचायच्या, चटई टाकून आत शिरायचं. आईनं एकच विचारलं, "आणि ते घसरलं तर?" मी "नाही घसरत गं" म्हणालो खरा, पण रात्री झोप लागेना. म्हणून हा धागा.

सेवउसळ

बिनधास्त कर रे भाऊ. आम्ही वाघोडिया रोडचे, पंधरा वर्षं विटांवरच काम चाललंय. आया घाबरतातच.

निवृत्त_फिटर

मांजलपूरकर, आईचा प्रश्न बराबर आहे, तुझा बेत बराबर नाही. (हो, बराबर. साठ वर्षं बडोद्यात काढल्यावर 'बरोबर' तोंडातून निघत नाही.)

आधी एक चांगलं बोलतो. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हातानं काम करणाऱ्यांसाठी, तेव्हा तू स्वतः पाना हातात घेतोयस याचा मला आनंदच आहे.

आता मुद्दा. मी रिफायनरीत फिटर होतो. चेनकुप्पीला, म्हणजे जड माल उचलायच्या साखळीच्या कप्पीला, टांगलेल्या पाइपखाली कुणी डोकं घातलं की फोरमन शिवी हासडून बाहेर ओढायचा, मग कुप्पी पाच टनाची असो आणि पाइप दोनशे किलोचा. टांगलेला माल म्हणजे अजून वाटेतला माल. जॅकवरची गाडीही वाटेतच असते. जॅकनं वर न्यायचं आणि खाली आणायचं. मध्ये थांबायचं काम घोडीचं, म्हणजे तुम्ही ज्याला जॅक स्टँड म्हणता त्याचं.

हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर, आणि तेल अडलेलं असतं रबरी सीलवर. सील जुनं झालं किंवा झडपेत कचरा अडकला की गाडी हळूहळू बसते. कधी हळूहळू नाहीही. तुझ्या कात्री जॅकमध्ये तेल नाही, स्क्रू आहे, तो आपोआप उतरत नाही. म्हणून लोकांना तो जास्त भरवशाचा वाटतो. पण त्याचा पाय तळहाताएवढा. तो खाली बसत नाही, आडवा होतो. गाडी दोन बोटं पुढे-मागे सरकली की पुरे. आणि आडवं पडून गंजलेला नट ओढणारा माणूस गाडीला दुसरं काय करत असतो?

चाक बदलायला तो जॅक चांगलाच आहे. तेव्हा माणूस गाडीच्या शेजारी बसलेला असतो, खाली नव्हे.

पाना_नंबर_१३

सेवउसळ यांच्यासाठी विटांचा हिशेब, ढोबळच.

गाडी ९०० किलो धरू. छोट्या गाड्यांत इंजिन पुढे, त्यामुळे मागच्या दोन चाकांवर साधारण ४० टक्के, म्हणजे ३६०. एका कोपऱ्याला १८० किलो. विटेचा माथा अडीचशे चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोसुद्धा नाही. इथपर्यंत सेवउसळ जिंकले.

पण गाडी विटेच्या सगळ्या माथ्यावर बसतच नाही. दाराखाली पत्र्याची जी उभी कड असते ती बसते. जाडी तीनेक मिलीमीटर, विटेवर टेकलेली लांबी समजा दहा सेंटीमीटर. झाले तीन चौरस सेंटीमीटर. १८० भागिले ३, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ६० किलो. भारतीय मानकात, आयएस १०७७ मध्ये, सगळ्यात खालच्या वर्गाची वीट ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरची, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलोची. आणि तो आकडा वीट दोन सपाट पाट्यांमध्ये नीट बसवून दाबल्यावरचा. बांधकामावरून उचललेली वीट कुठल्या वर्गाची हे ती कपाळावर लिहून येत नाही.

मला खरी भीती आकड्याची नाही, फुटण्याच्या पद्धतीची आहे. लाकूड दबतं, करकरतं, ठसा उमटवतं. वीट, पोकळ सिमेंट ब्लॉक, फरशीचा तुकडा हे आत्ता आहेत आणि आत्ता नाहीत.

सेवउसळ

आम्ही विटेवर फळी ठेवतो साहेब.

पाना_नंबर_१३

मग पंधरा वर्षं फळीनं वाचवलंय. विटेला कशाला श्रेय देता?

अलकापुरी_आत्या

मला दुसरंच खटकतंय. मागचा ड्रम काढणार आणि हँडब्रेक ओढून ठेवणार, हे जमायचं कसं? हँडब्रेक ओढला की ब्रेकचे शूज, म्हणजे आतल्या अर्धगोल घासपट्ट्या, ड्रमला आतून धरून बसतात. ड्रम निघणार नाही. मग तू हातोडा मारशील, घाम पुसशील आणि चिडून हँडब्रेक सोडशील. आणि तेव्हा गाडी असेल जॅकवर.

ऐकीव सांगत नाही. मी नेमकं हेच केलंय. गाडी वीतभर पुढे गेली, पुढच्या चाकासमोर योगायोगानं कुंडी होती म्हणून थांबली. कुंडी गेली.

झटपट_काम

एवढं काय त्यात? पहिल्या गिअरमध्ये टाकायची. गिअरमधली गाडी हलत नाही.

दांडियाबाजार

"गिअरमधली गाडी हलत नाही" हेच वाक्य आमच्या वाड्यात बोललं गेलं होतं. जरा लांबण लागेल, पण सांगतो.

वडिलांची जुनी फियाट. वाड्याचा चौक फरसबंदी, आणि पावसाचं पाणी मोरीकडे जावं म्हणून जुन्या लोकांनी त्याला हलकासा ढाळ दिलेला. डोळ्यांना दिसतही नाही तो. दिवाळीच्या आधी मोठ्या भावानं मागचं उजवं चाक काढलं, ड्रम उघडायचा होता. आत्यांनी लिहिलंय तसाच हँडब्रेक सोडलेला. गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकांना काही लावलेलं नाही. मी अंगठ्याएवढ्या स्प्रिंगा वाटीत गोळा करत होतो, वय वर्षं अकरा.

आवाज झाला नाही. हे मला अजून विचित्र वाटतं. गाडी अगदी शांतपणे मोरीकडे निघाली, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर माणूस दोन पावलं पुढे होतो तशी. उघडा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाभा, भावाच्या समोर उलटा फिरला, जॅक कलला, आणि मग मात्र आवाज झाला. भावाची दोन बोटं हब आणि फरशीच्या मध्ये. समोरच्या खोलीतले भाडेकरू, आमचे काका आणि दूधवाला अशा तिघांनी बंपर धरून उचललं. बोटं राहिली, पण एकाचं पेर वाकत नाही. तबला सुटला त्याचा.

गाडी गिअरमध्येच होती. इतकी वर्षं झाली, ती हलली कशी हे मला कुणी सांगितलेलं नाही.

निवृत्त_फिटर

दांडियाबाजारकर, मी सांगतो. झटपट यांनीही वाचावं.

फियाट मागच्या चाकांवर चालायची. गिअर चाकांना थेट धरत नाही, डिफरन्शियलमधून धरतो. आणि डिफरन्शियलचं कामच मुळी दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी, त्यासाठी ते असतं. इंजिनानं मधला दांडा अडवला, तरी एक बाजू पुढे आणि दुसरी तितकीच मागे फिरू शकते. दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर दोघांनाही एकाच दिशेला जायचं असतं, म्हणून गिअर धरतो. एक हवेत गेलं की त्याला अडवणारं कुणी नाही. ते खुशाल उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. तुम्ही म्हणालात ना, हब उलटा फिरला? तो हाच खेळ. तुम्ही अकराव्या वर्षी बराबर बघितलं होतंत.

ऑटोमॅटिकचं 'पी' सुद्धा डिफरन्शियलच्या अलीकडेच अडवतं. तिथेही तेच.

मांजलपूरकर, तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागची बाजू उचलशील तेव्हा पुढची दोन्ही चाकं जमिनीवर, म्हणून पहिला गिअर उपयोगाचा, हँडब्रेक बिनकामाचा. उद्या पुढचं काम काढलंस तर उलट: गिअर बिनकामाचा, हँडब्रेक उपयोगाचा, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र धरतो. दोन्ही वेळा जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून पाचर हवीच. लाकडाची तिरपी पाचर, टायरला घट्ट भिडवून. गोल गोटा नको, तो टायरबरोबर लोळतो.

दांडियाबाजार

काका, भावाला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे चूक ढाळाची नव्हती, माझी होती." मग बराच वेळ फोनवर शांत होता.

मांजलपूरचा_मी

विटा परत करतो. घोडी घेतो. पण कसली घ्यायची? आणि मुख्य म्हणजे, जॅक जिथे लावायचा तिथेच घोडीही लावायची असते ना? दोघांना एक जागा कशी पुरणार?

पाना_नंबर_१३

हा प्रश्न विचारलास म्हणजे तू खरंच काम करणार.

दाराखालच्या कडेवर चाकाजवळ दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमधला तुकडा जाड पत्र्याचा, भार घ्यायला केलेला. कात्री जॅक तिथेच बसतो, म्हणून घोडीला जागा उरत नाही. उपाय म्हणजे ट्रॉली जॅक, चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॉली जॅकसाठी मागे मधोमध वेगळी जागा दाखवलेली असते. तिथून दोन्ही बाजू एकदम उचलायच्या आणि दोन खाचांच्या जोड्यांखाली दोन घोड्या. मॅन्युअल न बघता अंदाजानं पेट्रोलच्या टाकीखाली किंवा चपट्या पत्र्याखाली जॅक लावलास तर गाडी वर जाणार नाही, पत्रा आत जाईल. कड आणि घोडीच्या मध्ये जाड रबराचा तुकडा, मधे चीर पाडलेला. जुन्या टायरचा चालतो.

घोड्या दोन तऱ्हेच्या. एक दातेरी, खटका ओढून उंची बदलणारी. दुसरी भोकांत आरपार खिळी घालायची. मी खिळीवाली वापरतो. थोडी किचकट, पण खिळी आत आहे की नाही ते लांबून दिसतं. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीनं दातेरी घोड्या लाखोंच्या संख्येनं परत मागवल्या, दात आणि खटका नीट अडकत नाहीत म्हणून. आणि बदली म्हणून पुढे केलेल्या मॉडेलांपैकी एकाच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली, तेही परत मागवावं लागलं. दातेरी असेल तर भार येण्याआधी खटका हातानं खाली दाबून बघायचा.

लेबलवर ३ टन लिहिलं असेल तर ते एका घोडीचं की जोडीचं ते वाचा. आणि शुक्रवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून वापरलेली उचलू नका. पाना जुना चालतो, कढई जुनी चालते, घोडी नाही.

विश्वामित्रीची_मगर

खालच्या जमिनीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून वर आले.

मांजलपूर भागात बऱ्याच सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक आहेत. पुरानंतर त्यांच्या खालची रेती वाहून गेलेली असते, वरून सपाट दिसतं. चार पायांची घोडी एका सैल ब्लॉकवर बसली की तीन पायांची होते. टाच जोरात मारून बघा, पोकळ वाजलं तर जागा बदला. डांबरावर उन्हाळ्यात काम करत असाल तर मे महिन्याच्या दुपारी घोडीचे पाय त्यात रुतलेले मी बघितलेत. काळ्या मातीवर पावसाळ्यात तर विचारही नको. प्रत्येक घोडीखाली १८ मिलीमीटर प्लायचा फूटभर चौरस तुकडा, पाय सगळे आत.

ट्रॉली जॅकला मात्र प्लायच्या कडेवर अडकवू नका. त्याचा वरचा कप सरळ वर जात नाही, कमानीत जातो, म्हणून गाडी चढताना जॅकला स्वतः थोडं सरकावं लागतं. त्याची चाकं खडीत किंवा फटीत अडकली की जॅकऐवजी गाडी सरकते किंवा कप निसटतो.

घोडी नसेल तर जाड लाकडाची चौकट रचता येते, आगपेटीच्या काड्यांचं घर करतात तशी, दोन उभे दोन आडवे. उंची बाजूच्या तिपटीच्या वर नको. माझ्या सासऱ्यांकडे रेल्वेचे जुने साल लाकडाचे स्लीपर कापून केलेले ठोकळे आहेत. ते छातीठोक सांगतात की हे डभोई-मियागाम लाइनचे, १८६२ साली जिथे गाडी बैल ओढायचे ती. लाइनचं खरं आहे, ठोकळ्यांचं देव जाणे.

ग्वाल्हेरचा_पाहुणा

काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा. फुकटचा विमा.

पाना_नंबर_१३

ठेवाच. पण विम्याची रक्कम मोजा. १६५ मिलीमीटर रुंदीचा टायर आडवा केला की उंची साडेसोळा सेंटीमीटर. आपल्या बऱ्याच मंडळींची छाती आडवं पडल्यावर त्याहून जाड भरते, सेवउसळवाल्यांची तर नक्कीच. एकावर एक दोन चाकं ठेवा. मागचं निघालंय, स्टेपनी आहेच.

सेवउसळ

वैयक्तिक होऊ नका. तर्री कमी घेतो आजकाल.

झटपट_काम

खड्डा खणून घ्या ना, गॅरेजसारखा. जॅकचा प्रश्नच मिटला.

निवृत्त_फिटर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये खड्डा? आधी सेक्रेटरीला खड्ड्यात घालावं लागेल. आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड, एलपीजीही जड, दोन्ही खड्ड्यात साठतात. सीएनजी हलका, वर जातो. घरगुती खड्डा नको.

अलकापुरी_आत्या

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून जरा श्वासाबद्दल. छातीवर गाडी बसली की माणूस ओरडत नाही. ओरडायला हवा आत घ्यावी लागते आणि छाती फुगायला जागाच नसते. हाडं शाबूत असली तरी काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर कुणाला कळत नाही. म्हणून बाहेर एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त तिथे असणं आणि हाक मारत राहणं. त्याच्या पायाशी दुसरा जॅक. फोनही त्याच्याकडे.

आणि कुणी अडकलंच, तर पाय धरून ओढायचं नाही. आधी १०८. जॅक लावायचा, जेवढी गाडी उचलेल तेवढे ठोकळे खाली सारत जायचं, म्हणजे तोच जॅक पुन्हा घसरला तरी गाडी परत त्याच्यावर येणार नाही. दांडियाबाजारच्या तिघांनी हातानं उचलली, ते मागचा एक कोपरा होता म्हणून जमलं. त्यावर विसंबू नका.

ड्रम उघडल्यावर धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

मांजलपूरचा_मी

रविवार पार पडला. लिहितो.

फिटरकाकांनी ट्रॉली जॅक दिला, वर स्वतः येऊन पार्किंगमध्ये टाच आपटून जागा ठरवली. आमच्या नेहमीच्या जागेवरचे चार ब्लॉक पोकळ वाजले, म्हणून गेटजवळच्या काँक्रीटवर गाडी नेली. मकरपुऱ्यातून खिळीवाल्या घोड्यांची जोडी आणली. पुढच्या चाकांना चार पाचरी, पहिला गिअर, हँडब्रेक खाली. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. हे कुणी लिहिलं नव्हतं, काकांनी तिथे आठवण केली. एक नट इतका गंजला होता की पान्यावर उभं राहावं लागलं. तो जोर गाडी घोडीवर असताना लावला असता तर, हा विचार पान्यावर उभा असतानाच आला.

घोड्यांवर उतरवून काकांनी बंपरला खांदा लावायला सांगितलं. लावला. उजवी घोडी कुरकुरली. एक पाय प्लायच्या कडेवर होता. परत उचलली, सारखी केली, परत खांदा. या वेळी गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलली, घोड्या नाही. जॅक काढला नाही, जागच्या जागी टेकवून ठेवला.

आवाजाचं कारण: डाव्या एका शूचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, एका टोकाला पत्र्यापासून सुटून वर आलं होतं. खाली गंज फुगलेला. नुसतं साफ करून ते कसं जाणार होतं? दोन्ही बाजूंचे शूज बदलले, आणि चाकं बसवण्याआधी सायलेन्सरच्या रबरासाठी खाली शिरलो. एका बाजूला दोन आडवी चाकं, दुसरीकडे मात्र ठोकळेच, कारण चाकं तेवढी नव्हती. रबर दहा मिनिटांचं काम होतं, मला पंचवीस लागली.

आई पूर्ण वेळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बाजूला बसली होती. भाजी निवडत. दर दोन मिनिटांनी, "आहेस ना रे?"

सेवउसळ

छान झालं. एक विचारायचं होतं. पुढच्या रविवारी घोड्या मोकळ्या आहेत का?

मांजलपूरचा_मी

आहेत. पण आईही घेऊन जावी लागेल, ती घोड्यांबरोबरच येते. निवडायला भाजी तुम्ही आणून ठेवा.